बदामची नव्वी कुणी टाकली

मुरुम,
गुरुवार, शाळेची मधली सुट्टी

तीर्थस्वरूप चंद्रप्रभा अक्कांना,
क्षमाचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता का? (घेत नसणार. तीस वर्षं दवाखान्यात लोकांना दमात घेऊन गोळ्या गिळायला लावल्यात, पण स्वतःच्या गुडघ्याला दम देणारं तिकडं सोलापुरात कुणी नाही.) आम्ही दोघी बऱ्या आहोत. अक्षराचा खोकला गेला. मेडिकलच्या दुकानात उभं राहून तिचे पाय दुखतात, पण ती सांगत नाही, मला चालण्यावरून कळतं. माझं बीपी तेवढं रविवारपासून वर आहे, आणि ते का वर आहे हे सांगायलाच हे पत्र.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही आत्ता मोठ्यानं म्हणाला असाल. अक्का, फोनवर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोलता, मी हो अक्का म्हणते, आणि फोन ठेवून भाजी चिरायला बसले की मला आठवतं, आपल्याला नाही म्हणायचं होतं. परवा तुम्ही विचारलंत, जळकोटचं छान झालं ना? हो अक्का. येत्या पौर्णिमेला साखरपुडा धरायचा ना? हो अक्का. हॉल घ्यायचा की दारात मांडव? हो अक्का. (यावर तुम्ही ओरडलात, ‘अगं हो काय हो? दोन्हीतलं कुठलं?’ आणि मी पुन्हा हो म्हणाले.) पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, तेवढ्या आधारावर लिहायला बसलेय. शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

अक्षरासाठी हे स्थळ तुम्ही, तिच्या आत्यानं, आणलंत. मुलगा प्रसेनजित, उमरग्याला बँकेत, अठ्ठावीस वर्षांचा, निर्व्यसनी. वडील आबाराव, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, जळकोटला हायवेपासून हाकेच्या अंतरावर घर आणि चार एकर. आई मुक्ताबाई, शांत. हे सगळं तुम्ही सांगितलंत आणि ते सगळं खरं निघालं. एकच गोष्ट सांगायची राहिली, कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. त्या घरात पत्रिका बघत नाहीत (आपणही बघत नाही), पण पत्ते वाटतात. आबारावांचा मला आधी फोन आला. अक्का, त्यांचा आवाज! जन्मभर स्टँडवर गाड्या पुकारलेला माणूस, मी फोन कानापासून हातभर लांब धरला तरी शेजारच्या खोलीत अक्षराला शब्द न् शब्द ऐकू आला. ‘पोहे, चहा, सगळं मागनं. आधी रमीचा डाव. दोघी मायलेकी बसायचं. माणूस बोलून कळत न्हाय ताई, पान कसं टाकतंय त्यावरनं कळतंय. म्या लई माणसं वळखलीत असली. आणि पैशाचं नाव काढायचं न्हाय हां, पैसं लावणारं माणूस माझ्या वसरीवर चढत न्हाय.’ मी काय म्हणाले असेन? हो म्हणाले.

आता तुम्ही मला ओळखता. मला कुकरच्या पहिल्या शिट्टीची भीती वाटते, दुसरीची वाटत नाही कारण तोवर मी स्वयंपाकघराबाहेर गेलेली असते. मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला तरी मला वाटतं आपलं काहीतरी चुकलंय. आणि पत्त्यांची भीती तर माहेरची. आमच्या दादांना (वडिलांना) एकदा भावाच्या दप्तरात पत्त्यांचा कॅट सापडला, तेव्हा त्यांनी सगळी बावन्न पानं एकेक करून चुलीत घातली होती. दुसऱ्या दिवशी गादीखाली एक जोकर सापडला, तर त्याच्यासाठी पुन्हा चूल पेटवली. त्या जोकरचा हसरा चेहरा काळा होताना मी पाहिलाय. त्यामुळं तेरा दिवसांत रमी शिकायची, आणि त्यावर लेकीचं लग्न ठरायचं, म्हटल्यावर माझे तळहात जे ओले झाले ते आजही पुरते वाळलेले नाहीत.

शिकवायला मिळाला धुळाप्पा. आमच्या शाळेचा शिपाई, मार्चमध्ये निवृत्त होईल, कर्नाटकाच्या शिवेवरचा, आणि रमीत तरबेज असं सगळा स्टाफ म्हणतो. मधल्या सुट्टीत आम्ही फाटक्या नकाशांच्या खोलीत बसायचो, दार अर्धं उघडं ठेवून. (पूर्ण उघडं ठेवलं तर मुलं बघणार, पूर्ण लावलं तर हेडमास्तर.) घरी सराव करायचा तर बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर. तिच्यासमोर इस्पिकची राणी धरून बसायचा मला धीर होईना, म्हणून मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर पानं मांडायची. धुळाप्पा एकवीस पानांची रमी शिकवत होता, तीन कॅट एकत्र पिसून. एकवीस पानं धरायला माणसाला तीन हात हवेत. त्यात एक जोकर कापून निघतो, मग त्याचं एक वरचं पान, एक खालचं, त्यांना तो पपलू, टिपलू, निचलू म्हणायचा. कुठला कुठं हे मला पहिल्या आठवड्यात कळलं नाही, दुसऱ्या आठवड्यात कळलं, तर त्या दिवशी त्याचंच उलटसुलट झालं.

पण दोन गोष्टी त्यानं पक्क्या शिकवल्या, आणि पुढचं सगळं त्यावर आहे म्हणून तुम्हालाही सांगते. एकाच रंगाची लागोपाठची तीन पानं, जोकर न घालता, जमली की त्याला लाइफ म्हणतात. म्हणजे बदामची सत्ती, अठ्ठी, नव्वी असं. ते नसेल तर हातातलं बाकी सगळं फुकट. ‘एकदा लाइफ जुळलं की मोडायचं न्हाय बघा मॅडम. आग लागू दे शाळंला, मोडायचं न्हाय.’ ही एक. दुसरी अशी, की आपण टाकलेलं पान आपल्या पुढचा माणूस उचलू शकतो, म्हणून तो काय गोळा करतोय तिकडं डोळा ठेवायचा आणि त्याला हवं ते पान त्याला द्यायचं नाही. ही दुसरी मला अजिबात जमेना. धुळाप्पाचा चेहरा जरा पडला की मला वाटायचं, बिचाऱ्याचं एका पानासाठी अडलंय, आणि मी ते टाकायची. चौथ्या दिवशी त्यानं पानं खाली ठेवली. ‘यव्वा मॅडम, खेळाय लागलाय का पंगतीला वाढाय लागलाय?’

तर रविवारी आम्ही हायवेला येऊन गाडी धरली. अक्षरा खिडकीशी कानात गाणी घालून बसली होती, मी मनात पपलू-टिपलू म्हणत होते. घर चांगलं आहे, अक्का. वसरीवर सोयाबीनची पोती रचलेली, आत मोठी खोली, भिंतीवर बाबासाहेबांची आपल्यापेक्षा दुप्पट मोठी तसबीर आणि तिच्या बरोब्बर खाली सतरंजी अंथरून वर दोन कॅट. मला घामच फुटला. मुक्ताबाईंनी सरबत दिलं ते मी पदरावर सांडलं. आम्ही गोल बसलो: आबाराव, त्यांच्यानंतर मुक्ताबाई, मग मी, मग अक्षरा, मग प्रसेनजित, आणि पुन्हा आबाराव. म्हणजे प्रसेनजित जे पान टाकेल ते त्याच्या वडिलांना मिळू शकतं. हे लक्षात ठेवा.

आबारावांनी पानं वाटली आणि थांबले. सगळ्यांनी आपापली उचलली. मी हात पुढं धरून बसलेली.

‘काय पायजे?’

‘आठ राहिली,’ मी म्हणाले.

‘कसली आठ?’

मी सांगितलं, एकवीस असतात ना. तेराच झालीत. अक्का, सगळ्यांनी पानांवरून नजर काढून माझ्याकडं बघितलं, तेवढ्यात मला अक्षराचं सगळं लग्न मोडताना दिसलं, अगदी मांडव काढताना बांबू पडल्याच्या आवाजासकट. मग आबाराव असे हसले की बाहेर बांधलेली शेळी ओरडली. ‘लेकीसाठी शिकून आली! अगं मुक्ते, हितं बघ, एकवीस पानी शिकून आली बाई!’ त्यांच्याकडं तेरा पानांची खेळतात. मग प्रसेनजितनं मला हळू आवाजात समजावलं, की तेरात दोन ओळी लागतात, त्यातली एक बिनजोकरची, बाकी कसंही जुळवा, आणि एकच जोकर उघडायचा, पपलूबिपलू काही नाही. समजावताना त्यानं एकदाही ‘सोप्पंय’ म्हटलं नाही. मला मुलगा तेव्हाच आवडला. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मुलातच खोट काढतेय.

पहिला डाव आबारावांनी जिंकला, दुसराही. रमी लागली की ते पानं मांडून अशी आरोळी देतात, जणू तुळजापूर गाडी फलाट तीनवर लागलीय. तिसऱ्या डावात माझी भीती जरा उतरली होती (हरणं जमत होतं), म्हणून मी आजूबाजूला बघू लागले. प्रसेनजितनं बदामची सत्ती टाकली. आबारावांनी उचलली. पुढच्या फेरीत त्यानं बदामची अठ्ठी टाकली. आबारावांनी तीही उचलली. आता मी तेरा दिवसांची विद्यार्थिनी, पण मलाही कळलं की यांना आता बदामची छक्की नाहीतर नव्वी हवीय, ती कुणी टाकता कामा नये. प्रसेनजितनं हातातल्या पानांकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं, आणि नव्वी टाकली. ‘रमी!’ शेळी पुन्हा ओरडली.

मग सगळ्यांनी पानं खाली ठेवली, कुणी मांडून, कुणी नुसती ढिगात. प्रसेनजितच्या पानांत बदामची दश्शी आणि बदामचा गुलाम शेजारी शेजारी होते. अक्का, जरा विचार करा. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. त्याच्या हातात पाच पानांची ओळ होती. आग लागली तरी जे मोडायचं नाही ते त्यानं मोडलं आणि पान पान करून वडिलांच्या हातात दिलं. मी वर बघितलं तर मुक्ताबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी झटकन सगळी पानं गोळा केली आणि पिसायला घेतली. आबाराव खुशीत होते. म्हणाले, ‘पोरगी धीराची हाय, पान टाकताना घाई न्हाय. पसंत. तुमी भोळ्या हाव, पसंत. आमच्या परश्याचं मात्र काय खरं न्हाय बघा, ह्येला पान म्हून कळत न्हाय. लहानपणापास्नं खेळतोय, एक डाव जिंकला न्हाय लेकानं!’ प्रसेनजित हसला. वाईट वाटून हसतात तसं नाही. रोजचं असतं तसं.

मी ताटं घ्यायला म्हणून मुक्ताबाईंच्या मागं आत गेले. ताटांऐवजी मी पोळपाट उचलला ते त्यांनी बघितलं. म्हणाल्या, ‘तुमी कशाला भेताय विहीणबाई? हितं कुणीच जिंकत न्हाय. त्येंनी जिंकलं की घर शांत ऱ्हातंय.’ मी विचारलं, कधीपासून? ‘लग्न हून आले त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं,’ त्या पुरी तेलात सोडत म्हणाल्या, आणि मग माझी समजूत घालायला, ‘सवय हुती. अक्षराला बी हुईल.’

अक्का, तेव्हापासून माझं बीपी वर आहे.

आबाराव वाईट नाहीत. मारणारे नाहीत, पिणारे नाहीत. निघताना त्यांनी मला सहा पेरू दिले आणि अक्षराला म्हणाले, नोकरी सोडू नको हं. पण आज पत्ते आहेत, उद्या राहायचं कुठं ते असेल, मुलाचं नाव काय ठेवायचं ते असेल, अक्षराच्या पगाराचं, माहेरी किती दिवस जायचं त्याचं असेल. प्रत्येक वेळी तो गोड मुलगा हातातली ओळ मोडून नव्वी टाकेल, आणि त्यात अक्षराचीही पानं असतील. आणि आबारावांना कळणारसुद्धा नाही. त्यांना वाटेल, आपल्याला माणसं ओळखता येतात.

मला ही गोष्ट इतकी लगेच कशी दिसली, असं तुम्ही विचाराल. मी बसमध्ये येताना हाच विचार करत होते. अक्का, रागावू नका. तुमचा भाऊ गेला तेव्हा अक्षरा चौदा वर्षांची होती आणि मला स्टँडवर एकटीनं तिकीट काढता येत नव्हतं. तुम्ही आलात, त्यांच्या जागेवर मला शाळेत चिकटवण्यासाठी दहा कचेऱ्या पालथ्या घातल्यात, तुमच्यामुळं आम्ही उभ्या आहोत. पण घर मुरुमलाच बांधायचं, अक्षरानं फार्मसीच करायची, ओट्याला हिरव्याच फरश्या, हे तुम्ही म्हणत गेलात आणि मी प्रत्येक वेळी तुमच्या चेहऱ्याकडं बघून, तुम्हाला जे हवं ते पान टाकत गेले. तुम्ही सगळ्यांना सांगता, माझं आणि क्षमाचं कधी दुमत होत नाही. अक्का, होतं. (फरश्यांच्या बाबतीत तर खूपच.) तुम्ही बहुतेक वेळा बरोबर होतात म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. पण तुम्ही चूक असतात तरी मी गप्पच राहिले असते, हे मला रविवारी प्रसेनजितच्या त्या दोन पानांकडं बघताना कळलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

म्हणून मी एवढंच मागते. मी स्थळ नको म्हणत नाही. पौर्णिमेची तारीख तेवढी एक महिना पुढं ढकला. तुम्ही शब्द दिलाय हे मला माहीत आहे, तो मोडायला लावतेय याची लाज वाटते. शेक घ्या. गोळी जेवणानंतरच घ्या.

तुमची,
क्षमा

ता. क. : सुट्टी संपल्याची घंटा झालीय, म्हणून खरं ते पटकन लिहिते. तारीख ढकलून काय होणार, महिन्यानंही नव्वी नव्वीच. खरी विनंती अशी, की आबारावांनी तुम्हालाही बोलावलंय, ‘तुमच्या सोलापूरच्या अक्कांचा बी एक डाव बघू’ म्हणून. तुम्ही जा, आणि त्यांना हरवा. आपल्या सगळ्या गोतावळ्यात कुणापुढं न हरणाऱ्या तुम्ही एकट्या. प्रसेनजितनं आपल्या वडिलांना हरताना आजवर बघितलेलं नाही. ते बघताना त्याचा चेहरा घाबरा होतो की मोकळा होतो, हे मला बघायचंय. आणि आबाराव हरल्यावर पेरू देतात का, हेही. तेरा पानांचे नियम वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलेत. अक्षर वाईट आलंय ते घाईमुळं. (घाईमुळं नाही.)

ता. क. दुसरा, घरी आल्यावर : पाकीट चिकटवायच्या आत अक्षरानं पत्र वाचलं. मी नको म्हणाले नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. वाचून झाल्यावर तिनं कागद क्रमानं लावले, पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, ‘आई, तिसऱ्या डावात माझी रमी दोन फेऱ्या आधीच लागली होती.’ मी म्हटलं, मग मांडली का नाहीस? आबारावांना घाबरलीस? ‘त्यांना कोण घाबरतंय. तू घामानं नुसती भिजली होतीस. मी जिंकले असते तर लग्न मोडलं म्हणून मुरुमपर्यंत रडत आली असतीस. म्हणून पानं गपचूप ढिगात सरकवली.’

अक्का, मी पंधरा मिनिटं ओट्याला धरून उभी होते. मी समजत होते की मी हरणाऱ्यातली. आमच्या दोघींच्या घरात ती हरत होती आणि जिंकणारी मी होते, नुसतं घाबरून घाबरून. मी विचारलं, आणखी काय काय सोडलंस माझ्यासाठी? ती म्हणाली, ‘यादी करू का?’ आणि हसली, पण यादी केली नाही. मग मी तिला विचारलं, तुला प्रसेनजित आवडला का? म्हणाली, ‘आत्ता विचारतेयस? स्थळ येऊन महिना झाला.’ खरंच अक्का, तुमच्याशी बोलले, धुळाप्पाशी बोलले, मुक्ताबाईंशी बोलले, हे एवढं मोठं पत्र लिहिलं, आणि तिला विचारलंच नव्हतं.

ता. क. तिसरा : आवडलाय म्हणते. पण त्याला उमरग्यात एकट्याला गाठून, समोर बसवून, दोघांतच खेळणार आहे. तिला पान देऊन हरायला लागला तर तिथंच उठून येणार, आणि मग तुम्ही किंवा मी काहीही म्हटलं तरी ऐकणार नाही. मला याचीही भीती वाटते, पण मी तिला तसं म्हणाले नाही.

तर जळकोटला जायची घाई नको. या रविवारी आधी इथंच या. तुम्ही, मी आणि अक्षरा, तिघी खेळू, तेरा पानांची. कुणी कुणाच्या चेहऱ्याकडं बघून पान टाकायचं नाही, मीही टाकणार नाही. आणि समजा त्यात मी जिंकले, तर जिंकल्यावर माणसानं पुढं काय करायचं असतं ते मला माहीत नाही, तेवढं तुम्ही सांगा.